सुट्टीतली चढाई, मुलांना घेऊन: या वेळच्या नोंदी

या सुट्टीला निघतानाच एक गोष्ट पक्की केली होती: माझा व्यायाम आणि आमचं चौघांचं फिरणं यांचा हिशोब वेगळा ठेवायचा. घाम गाळायचाय, पोटऱ्या-मांड्यांना काम द्यायचंय, तर ते पहाटे एकटीने. मुलांना घेऊन निघालो की मात्र वेग, थांबे आणि परतीची वेळ थोरलीचे पाय ठरवणार. थोरली आठ वर्षांची, पूर्ण वाट स्वतः चालते. धाकटा दीड वर्षाचा, पाठीवर कॅरियरमध्ये, म्हणजे मूल बसवून सॅकसारख्या पाठीवर घ्यायच्या बैठकीत. दोन्ही गोष्टी एकाच ट्रेकमध्ये साधायला गेलं की मोठी माणसं सारखी घड्याळ बघतात, मुलं वैतागतात आणि धड दमही निघत नाही. वेगळं केल्यावर दोन्ही मनासारखं झालं, म्हणून जरा तपशिलात लिहितेय. लहान मुलं झाल्यावर ट्रेक मागे पडलेल्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

मुक्काम साधारण १८०० मीटरवर होता. मागूनच एक सोंड वर जाते. खिंडीपर्यंत उभा चढ, पुढे डोंगराच्या कुशीतून आडवी वाट, आणि शेवटी थोड्या घसाऱ्यावरून माथा.

पहाटे

नवरा आणि मी आळीपाळीने जायचो, एक दिवस तो, एक दिवस मी. ज्याची पाळी नाही त्याने मुलांपाशी थांबायचं. उजाडता उजाडता निघायचं आणि मुलं उठून आवरेपर्यंत परत यायचं. पाळ्या आधीच ठरलेल्या असल्या की कुणाला कुणाकडे वेळ मागावा लागत नाही. ‘जमलं तर जाऊ’ असं म्हटलं की सुट्टीत ते जमत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे.

खिंड मुक्कामापासून ३०० मीटर वर आहे. सुरुवातीला मला थांबत थांबत ५० मिनिटं लागली, सुट्टीच्या अखेरीस एकदाही न थांबता ३८. एवढ्या थोड्या काळात दमात फार मोठा फरक पडत नाही. फरक पडला तो एकसारख्या चालीने. पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश, नाकाने श्वास घेत चालता येईल इतकीच गती. चढ खडा झाला की पाऊल लहान करायचं आणि होईल तिथे अख्खा तळवा टेकवायचा. चवड्यांवर चढत राहिलं की पोटऱ्या आधी भरून येतात. अगदी उभ्या टप्प्यावर रेस्ट स्टेप: पुढचं पाऊल वर ठेवलं, पण भार अजून मागच्या पायावर आहे, त्या पायाचा गुडघा क्षणभर सरळ केला की वजन हाडांवर जातं आणि मांडीला तेवढीच उसंत मिळते. एका पावलाला अर्धा सेकंद जातो, पण वरच्या वळणावर टेकायची गरज पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी. दिवसाआड खिंड केली की जोरकस हालचालीचा वाटा तिथेच भरतो. मग दिवसभर थोरलीने ओढ्यात दगड टाकत अर्धा तास काढला तरी माझी अजिबात चुळबूळ होत नाही. मला या पद्धतीतलं सगळ्यात जास्त हेच आवडलं.

दिवसाचा ट्रेक

वेळेच्या अंदाजासाठी मी नेस्मिथचा नियम धरते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ६ किलोमीटर अंतर आणि ४५० मीटर चढ असेल तर ७२ अधिक ४५, म्हणजे दोन तासांना जरा कमी. हा हिशोब तंदुरुस्त मोठ्या माणसाचा, थांबे सोडून. आमचा असाच एक ट्रेक थांब्यांसकट चार तासांचा झाला आणि पुढेही आकडे तसेच पडत गेले. म्हणून आता नियमाने येईल त्याच्या दुप्पट वेळ धरते आणि त्यातच बेत बसवते. बसत नसेल तर माथा सोडून खिंड, खिंड सोडून ओढा.

वाटेवर दगडांवर रंगाच्या खुणा होत्या. पुढची खूण शोधायचं काम थोरलीकडे दिलं आणि तिला सगळ्यात पुढे चालायला लावलं. मागे चालणारं मूल मोठ्यांच्या पाठी बघत फरफटत येतं. पुढे असलं की वाट त्याची होते. आडव्या वाटेवर एका ठिकाणी दोन फाटे फुटत होते. ती थांबली, हात आडवा केला आणि म्हणाली, “आई, खूण नाहीये.” मला उजवीकडची वाट बरोबर वाटत होती, पण काही बोलले नाही. आमचं ठरलेलं आहे: खूण हरवली की शेवटच्या खुणेपर्यंत मागे जायचं. ती मागे गेली, दगडाला हात लावून परत वळली, या वेळी डावीकडच्या कातळाजवळ वाकली आणि बोटाने शेवाळ खरवडलं. खाली पिवळ्या रंगाचा अर्धा पट्टा होता. तिथून पुढे तासभर तिने ‘किती राहिलं’ हा प्रश्न काढला नाही.

चालताना मी तिला गोष्ट सांगते आणि त्यातच माझी चाचणीही होते. बोलता येतंय पण गाता येत नाही, ही मध्यम श्रमाची नेहमीची खूण. वाक्य मध्येच तुटायला लागलं की मी वेग कमी करते. तीच गोष्ट तिच्या बाबतीत. चढावर तिचे प्रश्न बंद झाले की पाच मिनिटं थांबून खाऊ काढायचा. लहान मुलांचा थकवा हळूहळू दिसत नाही. आत्ता उड्या मारत असतात आणि पुढच्या वळणावर बसकण मारतात. त्याआधीची एकच भरवशाची खूण मला सापडली आहे: सपाट वाटेवर दोनदा अडखळणं. तसं झालं की त्या दिवशी वर जायचं नाही.

असं एकदा माथ्याखालच्या घसाऱ्यापाशी झालं. वर ढगही जमायला लागले होते. दुपारनंतर डोंगरात वादळी पाऊस होतो तो असाच. आम्ही वळलो. तिला वाईट वाटलं, पण मुक्कामी आल्यावर तिने वहीत डोंगर काढला, वळलो तिथे रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘इथपर्यंत मी’. काही दिवसांनी लवकर निघून माथा झाला तेव्हा त्याच चित्रात रेघ वर नेली.

कॅरियर

हा भाग मोठा आहे कारण याबद्दल विचारणा सगळ्यात जास्त होते. मान नीट धरता येऊन मूल आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत, फ्रेमचा कॅरियर नको. वजनाची मर्यादा कॅरियरवर लिहिलेली असते. माझ्या कॅरियरवर २२ किलो लिहिलंय, आणि त्यात मूल, सामान आणि कॅरियर सगळं आलं. या सुट्टीत धाकटा ११ किलो, कॅरियर साडेतीन, पाणी दीड: एकूण १६.

माझं वजन ६० किलो. १६ किलो घेऊन ४०० मीटर चढणं म्हणजे उचललेल्या वजनाच्या हिशोबाने रिकाम्या पाठीने ५०० मीटरच्या थोडं वर चढणं. म्हणून ज्याची पहाटेची पाळी हुकली असेल त्याने दिवसा कॅरियर घ्यायचा, असं आम्ही ठरवलं. थोरलीच्या सावकाश चालीतही पाठीवर एवढं ओझं असलं की भरपूर काम होतं. वेग न वाढवता श्रम वाढवायचे असतील तर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

ओझं कमरेवर यायला हवं. आधी कमरेचा पट्टा कटीच्या हाडांच्या वरच्या कडेवर घट्ट, मग खांद्याचे पट्टे, सगळ्यात शेवटी छातीचा. खांद्याच्या पट्ट्यांखाली दोन बोटं सहज जात नसतील तर कमरेचा पट्टा घसरलाय असं समजून पुन्हा बांधायचा.

खरी काळजी थंडीची. उंची वाढेल तसं तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. वाहणारा घामाघूम असतो, पण पाठीवरचं मूल अजिबात हलत नाही. त्याच्या अंगात चालण्याची ऊब तयार होत नाही आणि वारा त्यालाच आधी लागतो. मला उकडतंय म्हणून त्यालाही उकडत असेल, असा अंदाज कधीही धरू नका. मी त्याच्या मानेमागे बोट घालून बघते, मग पायमोजा काढून अंगठा चाचपते. मान कोमट आणि अंगठा गार असेल तर आणखी एक पायमोजा चढवायचा. मानही गार लागली तर तिथेच थांबून त्याला खाली काढायचं आणि छातीशी घ्यायचं. लोंबकळणारे पाय अवघडतात, त्यामुळे पाय ठेवायच्या कड्या त्याच्या मापाला लावून घ्याव्यात. तरीही पाऊण तासाला एकदा तरी त्याला जमिनीवर सोडतो. गवत उपटतो, दगड चाटतो, परत बसायला तयार होतो.

ऊन दिसत नसलं तरी टोपी हवीच, कारण अतिनील किरणं दर १००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. आणि झाडीतून जाताना त्याचं डोकं आपल्या डोक्याच्या वर आहे, हे प्रत्येक फांदीला आठवायला हवं.

उतार

गुडघे आणि मांड्या दुखतात त्या उतारावर. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना मात्र ताणला जात असतानाच भार पेलतो. त्याने तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते. पण हीच इजा एकदा हलकेच झाली की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढ्याच उताराला बरेच कमी दुखतात. म्हणून सुट्टीच्या आधीच्या पंधरवड्यात मी जिने चढण्यापेक्षा उतरण्यावर भर दिला: सावकाश, प्रत्येक पायरीवर गुडघा ताब्यात ठेवून. या वेळी पहिल्या मोठ्या उतारानंतर दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या मागे धावता आलं. पालकांनी तयारीत एकच गोष्ट करायची तर ही करावी.

कॅरियर असला की दोन ट्रेकिंग पोल, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्या, घेतेच. उतारावर पोल वापरल्याने गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी होतो, असं १९९९ मधल्या एका मोजणीत दिसलं होतं, आणि माझ्या गुडघ्यांचीही तीच साक्ष आहे. तोल जाण्याची भीती कमी होते हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो.

घसाऱ्यावर नवरा थोरलीच्या खालच्या अंगाला, एका बाजूने. सगळे जवळजवळ चालायचे, म्हणजे पायाखालून सुटलेला दगड वेग घेण्याआधीच थांबतो. तिला सांगितलंय की नाक खाली दरीकडे, गुडघे किंचित वाकवलेले, मागे रेलायचं नाही. मागे रेललं की पाय सटकतो. हे तिने एका उतारात आत्मसात केलं.

शिट्टी आणि उंची

थोरलीच्या सॅकला शिट्टी बांधलेली असते आणि ती खेळायची नाही हे तिला ठाऊक आहे. आल्प्समधला मदतीचा इशारा तिला पाठ आहे: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा. ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट यांनी १८९४ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती आजही चालते. हरवल्यासारखं वाटलं तर आहे तिथेच थांबायचं आणि वाजवायचं, चालत राहायचं नाही.

आम्ही २५०० मीटरच्या वर गेलो नाही, आणि ते ठरवूनच. विरळ हवेचा त्रास साधारण त्या उंचीपासून सुरू होऊ शकतो, आणि दीड वर्षाचं मूल ‘डोकं दुखतंय’ असं सांगू शकत नाही. किरकिर, न खाणं, झोप न लागणं एवढंच दिसतं, आणि ते दात येण्यानेही होतं. दोन्हींतला फरक ओळखायची वेळच येऊ नये, इतकी खालची उंची निवडलेली बरी.

पुढे

पुढच्या सुट्टीपर्यंत धाकटा १३-१४ किलोचा होईल, म्हणजे पाठीवर १९ किलो. त्याची तयारी आत्तापासून पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅकने करायची ठरवली आहे. सुरुवात ८ किलोने, दर दोन आठवड्यांनी दीड-दोन किलो वाढवत. डोंगरावर जाणं होईल तेव्हा भरलेल्या बाटल्या वर न्यायच्या आणि बरंचसं पाणी माथ्यावर ओतून उतरायचं: चढाला वजन मिळतं आणि गुडघे वाचतात. जिन्यावरच्या सरावात मात्र उतरतानाही वजन ठेवणार, कारण धाकटा काही वर ठेवून यायचा नाही.

तो अर्धी वाट चालायलाही मागेल आणि तेव्हा कॅरियर रिकामा वाहायचा की हलका कापडी घ्यायचा, हे अजून ठरत नाहीये. दोन-अडीच वर्षांच्या मुलांबरोबर चढ असलेल्या वाटेवर ज्यांनी कापडी वापरलाय, त्यांनी उतारावर तो कसा वाटला ते जरूर सांगा. थोरलीने स्वतःची सॅक मागितली आहे. तिच्या वजनाच्या दहाव्या भागापुढे जायचं नाही, म्हणजे अडीच किलो: पाणी, जर्किन, वही आणि शिट्टी.