रंकाळ्यावरनं नंदवाळ, पाणंदीनं

कोल्हापूरच्या माणसाला नंदवाळ आठवतं ते आषाढीपुरतं. त्या दिवशी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातनं दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होतं, घोडा पळतो, आणि मग वाशीवरनं सगळी गर्दी नंदवाळात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, संपलं. बाकी वर्षभर कुणाला विचारा, "हां हां, प्रतिपंढरपूर ना ते" एवढंच उत्तर. गाव काय तसं लांब नाही, शहरातनं बारा-एक किलोमीटर असंल, पण आषाढी सोडून तिकडं चालत जायचं म्हटलं की लोक तुमच्याकडं बघतात कसं ते बघण्यासारखं असतंय.

मी जातो ते थंडीत, ऊसतोड चालू असताना. आणि शक्यतो डांबरी सोडून.

सुरुवात रंकाळ्यावरनं. तिथलं काय सांगायचं, सकाळी वॉकला आलेले लोक, भेळेच्या बंद गाड्या, पाण्यावर धुकं आणि पलीकडं शालिनी पॅलेस, सगळ्यांनी शंभर वेळा बघितलेलं आहे. साने गुरुजी वसाहतीपर्यंत शहरच आहे, फूटपाथ असला तर त्यावरनं नसला तर वाहनं चुकवत, तो भाग मी मान खाली घालून उरकतो. पुढं पुईखडीचा चढ लागला की जरा बरं वाटायला लागतं. वर महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, काळम्मावाडी धरणातलं पाणी थेट पाईपलाईननं तिथं येतं, २०२३ च्या दिवाळीत ते आलं तेव्हा गावभर चर्चा दुसरी नव्हती. धरणापासनं पन्नासेक किलोमीटर पाणी चालत आलं आणि आपल्याला बारा चालायला जीवावर येतंय, असं मी मित्राला म्हणालो तर तो म्हणाला पाण्याला उतार आहे बाबा.

तर पुईखडी ओलांडली की राधानगरी रस्ता सोडायचा आणि पाणंदीला, म्हणजे रानातनं जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागायचं. नेमकी कुठली पाणंद ते मी सांगत नाही, लपवायचं म्हणून नाही, तर ती दरवर्षी थोडी बदलते म्हणून. गेल्या वर्षी जिथनं गेलो तिथं यंदा ऊस उभा असतो, मग कुणाला तरी विचारायचं, ते हातानंच दाखवतात, "त्या बोरिंगपास्नं खाली, वगळ लागंल, वगळीच्या कडंकडंनं." वगळ म्हणजे लहान ओढा.

आणि विचारलं की प्रत्येक जण आधी एकच प्रश्न करणार. "गाडी बंद पडली काय?"

नाही मामा, चालतच आलोय.

"चालत? कशाला?"

ह्याला उत्तर नाही माझ्याकडं. देवाला म्हटलं की ते लगेच पटतं त्यांना, म्हणून मी देवाला असंच सांगतो, आणि नंदवाळात देऊळ असल्यामुळं ते खोटंही होत नाही.

पाणंदीतनं चालायची मजा अशी की दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस, मध्ये आपण, वारा आला की नुसता पाल्याचा आवाज, पुढचं काही दिसत नाही. मग एकदम फड मोकळा होतो, तोड चालू असते, कोयत्यांचा खटखट आवाज, मोळ्या बांधून ट्रॉली भरायचं काम, कडेला पालाच्या खोप्या, खोपीपुढं चूल आणि लहान पोरं. बीडकडनं आलेल्या टोळ्या असतात, चार-पाच महिने हेच घर. वाढ्यासाठी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांसाठी आजूबाजूच्या बायका विळे घेऊन थांबलेल्या, म्हसरांना वैरण लागतीच. आणि कुठंतरी गुऱ्हाळ चालू असलं तर वास आधी येतो मग धूर दिसतो. आत चुलवाणात चिपाड घालणारा वेगळा, काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी गुळव्या वेगळा, आणि गुळव्याशी त्या वेळी बोलायचं नसतं, त्याचं सगळं लक्ष रसाच्या बुडबुड्यांवर असतं, मिनिटाचा फरक पडला तर गूळ बिघडला. रस साफ करायला अजून काही जण रानभेंडीच वापरतात. पाहुणा म्हणून ताजी गरम काकवी वाटीत मिळते, नको म्हणायचं नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, नंतर भोगावतीवर राधानगरी धरण उभं करायला घेतलं, आणि आज ह्या पट्ट्यात नजर जाईल तिकडं ऊस आहे त्याची मुळं तिथपर्यंत जातात. गुऱ्हाळं मात्र कमी होत चालली, बहुतेक ऊस आता कारखान्याला.

मला खरं लिहायचंय ते पाणंदीबद्दल. कारण ती नुसती शेताकडंनं गेलेली वाट नाही, ती सरकारी नकाशावर आहे. गाव नकाशा काढून बघा, तुटक दोन रेषा दिसल्या तर तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली आहे. तुटक एकच रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट! मी ज्यातनं गेलो तिथं काही ठिकाणी समोरनं म्हैस आली तर माझ्यातलं आणि तिच्यातलं कोण मागं सरकणार एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहिताय.

हे एका दिवसात होत नाही. दरवर्षी नांगरताना बांध थोडा कोरायचा, एक सरी वाढवायची, पलीकडचा बघतो की ह्यानं वाढवली मग तो पण एक वाढवतो, दहा-पंधरा वर्षांत बैलगाडीची पाणंद सायकलपुरती उरते. कुणा एकाला दोष देऊन उपयोग नाही, गुंठ्यावर जगणारी माणसं आहेत, एका सरीत काय निघतं ते त्यांनाच ठाऊक. पण शेवटी फटका त्यांनाच बसतो. आत ज्याचं रान आहे त्याचा ऊस तुटला तरी ट्रॉली आत जात नाही, मग मोळ्या डोक्यावरनं बाहेर काढायच्या नाहीतर पुढच्याचा फड तुटायची वाट बघायची, तोवर ऊस वाळतो, वजन जातं.

कायदा नाही असंही नाही. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, रानात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे, दोन्हीकडं अर्ज तहसीलदाराकडं. २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना पण आली. पण माझ्या मते अर्ज करायचा म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध करायचा, ज्याच्या घरच्या लग्नात तुम्ही जेवून आलाय त्याच्याविरुद्ध, तिथं कलम काय करणार.

ह्या सगळ्याची माहिती मला एका मामांकडनं मिळाली, पाणंदीच्या कडेला बांधावर बसून तंबाखू मळत होते. गाडी बंद पडली काय हे झाल्यावर मी सहज म्हणालो वाट लय बारीक झालीय, तर ते अर्धा तास बोलत होते. त्यांच्या लहानपणी ह्याच वाटेनं बैलगाड्या जायच्या, आषाढीला आसपासची माणसं इथनंच टाळ वाजवत नंदवाळला जायची, आता सगळे डांबरीवरनं जातात म्हणून इकडं कुणाचं लक्ष नाही. "माणूस चालायचा बंद झाला की वाट दुसऱ्याची हुती बघा," म्हणाले. त्यांनी अर्ज दिलाय, मोजणी लागायची आहे. भावकीत त्यामुळं बोलणं बंद.

पुढं नंदवाळ यायला फार वेळ लागला नाही. देवळात त्या वेळी मी, पुजारी आणि दोन आज्ज्या, एवढेच. आषाढीला जिथं पाय ठेवायला जागा नसते तिथं मंडपात निवांत पाय पसरून बसलो, डबा खाल्ला, एका आज्जीनं न विचारता चटणी वाढली. परत मात्र वाशीपर्यंत येऊन बस पकडली, दोन्हीकडनं चालायची हौस मला नाही.

कुणाला जायचं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत जा, नंतर त्या काळ्या मातीत चप्पल राहते आणि पाय वर येतो. पाणी बरोबर घ्या, कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्या, आणि उभ्या उसात शिरून शॉर्टकट मारू नका, पाला कापतो.

मामांनी निघताना माझा नंबर घेतला. मोजणीची तारीख लागली की फोन करतो म्हणाले. मी म्हणालो साक्षीला का, तर म्हणाले साक्षीला न्हाय ओ, साहेबांना त्या दिवशी वाटेवरनं चालणारं कुणीतरी दाखवाय पायजे की.