सरावाच्या लॅबची नोंद: एसक्यूएलमॅप डेटाबेसला नेमकं विचारतं काय?

मंडळी, या खेपेला एसक्यूएलमॅप या टूलचं (ते एसक्यूएल इंजेक्शन तपासतं, म्हणजे वेबसाइटच्या इनपुटमधून डेटाबेसच्या क्वेरीत आपले शब्द घुसवता येतात का ते बघतं) आउटपुट बाजूला ठेवून डेटाबेसचा लॉग वाचत बसलो. सेटअप जुनाच: लॅपटॉपवर डॉकर कंटेनरमध्ये डीव्हीडब्ल्यूए (सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली वेबसाइट), पोर्ट फक्त लोकलहोस्टला बांधलेला. तिच्या मारियाडीबी डेटाबेसचा जनरल लॉग (येणारी प्रत्येक क्वेरी नोंदवणारा) चालू केला आणि शेजारच्या खिडकीत तो सरकताना बघत राहिलो.

एसक्यूएलमॅप मोकळं सोडलं की बूलियन (हो-नाही उत्तरावरून), एरर (एररच्या संदेशातून), युनियन (आपल्या क्वेरीचा निकाल जोडून), टाइम (उत्तराच्या उशिरावरून) अशा सगळ्या पद्धती आजमावतं. युनियन लागू पडलं तर टेबल क्षणात समोर, आणि कळत काहीच नाही. म्हणून ब्लाइंड एसक्यूएल इंजेक्शनचं पान घेतलं, डीव्हीडब्ल्यूएची सिक्युरिटी पातळी लो ठेवली आणि पद्धत फक्त बूलियन. हे पान आयडी सापडला की नाही एवढंच सांगतं. न सापडल्यास 404. तेवढ्या हो-नाहीवर डेटाबेसचं नाव काढायचं.

लॉगमध्ये मजा दिसते. पहिल्या अक्षराचा आस्की कोड (अक्षराचा ठरलेला आकडा) 64 पेक्षा मोठा? हो. 96 पेक्षा? हो. 112? नाही. 104? नाही. 100? नाही. 98? हो. 99? हो. म्हणजे 100, म्हणजे इंग्रजी 'डी'. 128 शक्यता दर प्रश्नाला निम्म्या होतात, म्हणून अक्षरामागे 7 प्रश्न. पासवर्डचा एमडी5 हॅश (पासवर्डपासून बनवलेला ठसा) 32 अक्षरांचा, म्हणजे याच हिशेबाने 224 रिक्वेस्ट. टाइम-बेस्डमध्ये प्रत्येक 'हो'ला डीफॉल्ट 5 सेकंद थांबायचं. निम्मी उत्तरं 'हो' धरली तरी एका हॅशला नऊ-साडेनऊ मिनिटं. चहा करून या.

सिक्युरिटी हायवर खरी कसोटी. तिथे आयडी कुकीतून जातो, आणि कुकीचे पॅरामीटर टूलच्या लेव्हल 2 पासून (लेव्हल म्हणजे तपासणी किती खोल) तपासले जातात. लेव्हल 1 वर टूल तिकडे ढुंकूनही बघत नाही. शिवाय आयडी सापडला नाही की पीएचपी कोड अधूनमधून, साधारण सहातून एकदा, स्वतःच 2 ते 4 सेकंद झोपतो. टाइम-बेस्ड इथे गडबडतं. टूल आधी नेहमीच्या रिस्पॉन्सची वेळ मोजून सरासरी ठरवतं, त्या रिस्पॉन्समध्ये ही झोप नसते. मग पुढे एखादं 'नाही' उशिरा आलं की ते 'हो' समजलं जातं आणि भलतंच अक्षर उमटतं. त्याच पानावर बूलियन मात्र शांतपणे चालतं, कारण त्याला घड्याळाशी देणंघेणं नाही. माझ्या मते डीव्हीडब्ल्यूएमधली ही सर्वांत शिकवणारी पातळी.

इम्पॉसिबल पातळीवर प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि इनपुट वेगळे ठेवणारं) आहे आणि आयडी आकडाच आहे ना हेही तपासलं जातं. टूल हात वर करतं आणि लेव्हल-रिस्क वाढवून बघा म्हणतं. वाढवलं, काही निघालं नाही. जाता जाता: रिस्क म्हणजे पेलोड (क्वेरीत घुसवायचे तुकडे) किती धोक्याचे, आणि रिस्क 3 मध्ये 'ऑर'चे पेलोड येतात, जे अट सगळ्या ओळींना लागू करू शकतात. खाली अपडेट क्वेरी असेल तर सगळ्या ओळी बदलू शकतात, तेव्हा लॅबमध्येसुद्धा आधी डेटाबेसचा डंप (प्रत) घ्या. आणि लॅबबाहेर लेखी परवानगीशिवाय नाहीच. आयटी कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पुढचा नंबर ज्यूस शॉपचा, तीही अशीच मुद्दाम कमकुवत ठेवलेली वेबसाइट. तिथे एसक्यूलाइट डेटाबेस आहे, त्यात स्लीप फंक्शनच नाही. वेळ खायला टूल डेटाबेसकडून प्रचंड मोठा रँडम ब्लॉब (बाइट्सचा गठ्ठा) बनवून घेतं. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा किती ओरडतो ते बघू. कुणी हे आधी चालवलं असेल तर कंटेनरला किती मेमरी दिली होती ते सांगा.