आमची वाटचाल: एका गणिताला अख्खी संध्याकाळ

सांगलीत हुशार मुलांची वाण कधीच नव्हती. स्कॉलरशिपच्या यादीत जिल्ह्यातली मुलं झळकायची, दहावीला गणितात पैकीच्या पैकी मार्क पडायचे आणि बारावीनंतर सगळ्यांना दोनच वाटा ठाऊक असायच्या: इंजिनीअरिंग नाहीतर मेडिकल. ज्याला गणितच करायचं आहे त्याने कुठे जायचं, कोणती परीक्षा द्यायची, तिची तयारी कोण करून घेतं, हे विचारायला ठिकाणच नव्हतं. आमचा क्लास त्या मुलांसाठी आहे.

मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होते, माझे यजमान संख्याशास्त्र. संध्याकाळी गावभागातल्या घरी बारावीची बॅच चालायची, चारचौघांची असते तशीच. २०१३ मध्ये आयआयटीची प्रवेशपरीक्षा मेन आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशी झाली आणि त्या सुमाराला मोठ्या शहरांतल्या क्लासच्या शाखा इकडेही निघू लागल्या. पालक तिकडे वळले, आमची बॅच निम्म्यावर आली. उरलेल्यांत दोन-तीन मुलं अशी होती की गणित सुटल्यावर वही मिटायची नाहीत. "मॅडम, यातली ही अट काढली तर?" असं विचारत बसायची. त्यांच्यासाठी यजमानांनी रविवारी सकाळी वेगळी बैठक सुरू केली. तिची बातमी तोंडोतोंडी पसरली, मिरजेहून, पलूसहून मुलं येऊ लागली. पुढे बारावीची नेहमीची बॅच आम्ही बंदच केली आणि रविवारच्या बैठकीलाच पूर्णवेळ व्यवसाय केलं. दोन पगारांपैकी एक सोडून हे करायचं, हा घरातला मोठा निर्णय होता. नोकरी मी सोडली.

तयारी कशाची, तेही सांगते, कारण निम्मे पालक ही नावं आमच्याकडेच पहिल्यांदा ऐकतात. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केली. तिथला संख्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम, बी.स्टॅट., कोलकात्यात आणि गणिताचा बी.मॅथ. बंगळुरूला असतो. दुसरी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, सीएमआय, चेन्नईबाहेर सिरुसेरीला, ती गणितज्ञ सी. एस. शेषाद्रींनी उभी केली. दोन्हींची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असते आणि जागा मोजक्या असतात. त्याआधी, शाळेच्या वयात, गणित ऑलिंपियाड. आधी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, त्यातून विभागीय पातळीची आरएमओ, त्यातून राष्ट्रीय पातळीची आयएनएमओ, आणि पुढची छाननी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली. आयओक्यूएममध्ये प्रत्येक उत्तर म्हणजे दोन अंकी संख्या, ती भरली की झालं. आरएमओला मात्र तीन तासांत सहा प्रश्न आणि प्रत्येकाची सिद्धता लिहायची.

खरी अडचण इथे येते. आमच्या जिल्ह्यातलं हुशार मूल उत्तर काढण्यात पटाईत असतं. आठवीपर्यंत त्याला कोणी 'का' म्हणून विचारलेलंच नसतं, कारण उत्तर बरोबर आहे.

गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या आठवीतल्या एका मुलाला मी हे गणित दिलं: १ ते १०० मधून कोणत्याही ५१ संख्या निवडा. त्यांत अशी एक जोडी सापडतेच की लहानीने मोठीला नि:शेष भाग जातो. सिद्ध करा. दहा मिनिटांत त्याने वही पुढे केली. एकच ओळ होती: 'विषम संख्या ५०च आहेत, म्हणून.'

"तुला कळलंय," मी म्हटलं, "पण हे वाचून मला का पटावं?"

"मॅडम, दिसतंय की."

"मला नाही दिसत. मी बहुतेक सगळ्या सम संख्याच उचलल्या, तर तुझ्या विषम संख्यांचं काय काम?"

तो खिडकीपाशी जाऊन बसला. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. क्लास सुटायच्या वेळेला वहीत असं होतं: कोणतीही संख्या घ्या आणि तिला २ ने जाईल तितका भाग घालवत न्या, शेवटी एक विषम संख्या उरते. ८४ ची २१ उरते, ४२ चीही २१च उरते. १०० पर्यंत विषम संख्या ५० आहेत आणि आपण निवडल्या ५१, म्हणजे निदान दोन संख्यांची उरलेली विषम संख्या एकच असणार. मग त्या दोघींत फरक फक्त २ च्या घाताचा, म्हणून लहानीने मोठीला भाग जातो. खाली त्याने आपणहून विचारलं होतं, 'पन्नासच निवडल्या तर?' आणि उत्तरही दिलं होतं: ५१ ते १०० घ्या, एकही जोडी सापडत नाही.

मूल असा पुढचा प्रश्न स्वत: काढायला लागलं की आमचं निम्मं काम झालं असं मी धरते. याला घाई चालत नाही. एका गणिताला अख्खी संध्याकाळ गेली तरी आम्ही जाऊ देतो.

आयएसआयच्या परीक्षेतही हेच उपयोगी पडतं. तिथला पहिला पेपर ३० पर्यायी प्रश्नांचा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर शून्य, पण प्रश्न कोरा सोडला तर १ गुण. आपल्याला काय माहीत नाही हे ओळखणाऱ्याला तिथे गुण मिळतात, आणि अंदाजपंचे ठोकायची सवय लागलेली मुलं तिथेच मागे पडतात. दुसऱ्या पेपरात दोन तासांत आठ प्रश्न, सगळे सविस्तर लिहायचे. त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. सराव परीक्षांचे ढीग देऊन हे जमत नाही. वही कोणीतरी ओळन् ओळ वाचावी लागते, समासात 'हे कशावरून?' लिहून परत द्यावी लागते. आमच्याकडे ते आम्ही दोघं आणि दोन जुने विद्यार्थी करतो. एका तुकडीत बाराच्या वर मुलं घेत नाही याचं कारण एवढंच. त्यामुळे फी शाळेच्या शिकवणीपेक्षा जास्त ठेवावी लागते, हेही खरं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक तुकडीत काही जागा ठेवतो. त्यांचा खर्च आता बराचसा नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी उचलतात.

प्रवेशासाठी आम्ही चाचणी घेत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय कापरेकरांनी शोधलेला ६१७४ चा खेळ मुलांपुढे ठेवतो. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. बहुतेक मुलांना गंमत वाटते आणि ती थांबतात. एखादा तीन अंकांवर जातो आणि ४९५ शोधून काढतो. एखादी पाच अंकांवर जाते, तिथे एका संख्येवर न थांबता चक्रात फिरायला होतं हे तिला दिसतं, आणि ती घरी जायला तयार नसते. तिला आम्ही घेतो, मग शाळेत गणितात कितीही मार्क असोत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. क्लास तळमजल्यावर होता. फळा, बाकं, प्रिंटर आणि वर्षानुवर्षं जमवलेली पुस्तकं गेली. रशियन गणितांचे जुने संग्रह तर आता विकतही मिळत नाहीत. मुलांच्या वह्या पोटमाळ्यावर होत्या, त्या वाचल्या. पाणी ओसरल्यावर आधी चिखल काढायला आले ते विद्यार्थीच. नंतर पुण्याहून, बंगळुरूहून पुस्तकांची पार्सलं येऊ लागली. आज आम्ही विश्रामबागेत भाड्याच्या जागेत, पहिल्या मजल्यावर आहोत.

दुसरा धक्का २०२२ मध्ये बसला. विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, म्हणजे केव्हीपीवाय, बंद झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीला, आणि आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांत जायचा तो आमच्या मुलांचा चांगला रस्ता होता. त्या वर्षीच्या अकरावीची सगळी आखणी बदलावी लागली. दोन पालकांनी मुलं काढून घेतली, त्यांना दोष देता येत नाही.

एक गोष्ट अजून सलते. आमच्याकडे तीन वर्षं शिकलेल्या एका मुलाचा निकाल लागल्यावर एका मोठ्या क्लासने घरी जाऊन पैसे दिले आणि चौकात त्याचा फोटो आपल्या फ्लेक्सवर लावला. घरची गरज होती, मुलाला मी काही बोलले नाही. पण ते बघून शेजारच्या तालुक्यातले पालक त्या क्लासला लाख-लाख भरून आले, याचं वाईट वाटतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली. निवड झाल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरता येत नाही. ती कडकपणे राबवली जावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या दारावर आम्ही कुणाचाच फोटो लावलेला नाही.

पालकांशी बोलणं हा आमच्या धंद्याचा मोठा भाग. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार विचारत होते, "मॅडम, पोरगी कलकत्त्याला जाऊन स्टॅटिस्टिक्स शिकणार, आणि करणार काय?" यजमानांनी त्यांना सुखात्म्यांबद्दल सांगितलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, संख्याशास्त्राच्या जोरावर रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि जगातली भूक कशी मोजायची यावर काम केलं. मग आयएसआयमध्ये शिकवणीची फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं, हेही सांगितलं. कोणत्या गोष्टीने त्यांचं मन वळलं ठाऊक नाही, पण पोरगी गेली. मुलींच्या बाबतीत आम्ही हट्टाने बोलतो. मुलींसाठीच्या युरोपीय गणित ऑलिंपियाडला भारत २०१५ पासून संघ पाठवतो, हे ऐकून एखादी आई मुलीला एकटीने पुण्याला शिबिराला पाठवायला तयार होते.

सगळ्यांची निवड होत नाही. मे महिन्यात लेखी परीक्षा हुकली की सतरा वर्षांचं मूल कोलमडतं, आणि तेव्हा आम्ही फोन बंद ठेवत नाही. बी.एस्सी. गणित आपल्याच जिल्ह्यात करून मग आयआयटीसारख्या ठिकाणी एम.एस्सी.ला जायची जॅम ही परीक्षा देता येते, आयएसआयच्या एम.स्टॅट. आणि एम.मॅथ.ची परीक्षा देता येते. आमची काही मुलं त्या वाटेने गेली आणि त्यांचं बरं चाललं आहे.

सध्या यजमान सातवी-आठवीसाठी मराठीतून गणितांचा संच लिहीत आहेत. संख्याशास्त्रवाला माणूस संख्या सिद्धांतात रमला आहे, रात्री उशिरापर्यंत लिहितो. भाज्यता आणि मोजणीचं प्रकरण झालं आहे, भूमिती बाकी आहे. जूनपर्यंत छापून झाला तर मिरज आणि तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना प्रती विनामूल्य देऊ. ज्या शिक्षकांना हा संच वर्गात वापरून बघायचा असेल, त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी क्लास उघडा असतो.