एका कॉलमात गेलेली बातमी

२० एप्रिल २०२१ ची रात्र. पणजीतल्या एका मराठी दैनिकाचं क्रीडा पान माझ्याकडे होतं. कोविडमुळे दोनाचं एकच पान उरलेलं. डेस्कवर मी आणि पानं लावणारा सहकारी, दोघंच. फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियमवर एदू बेदियाने आशियाई चॅम्पियन्स लीग या फुटबॉल स्पर्धेतला एफसी गोवाचा पहिला गोल केला. इराणच्या पर्सेपोलिसने दोन परत केले, सामना गेला. तरी पानाची मुख्य बातमी तीच.

खाली चार कॉलम युरोपियन सुपर लीगला. दोन दिवसांपूर्वी रेयाल माद्रिद, युव्हेंटस, मँचेस्टर युनायटेड, चेल्सी अशा बारा क्लबांनी ती जाहीर केली होती. वीस संघ, त्यातले पंधरा संस्थापक कायमचे, कितीही हरले तरी आतच. उरलेल्या पाच जागा बाकी सगळ्या युरोपला. आपला वाचक विचारतो, आयपीएलमध्ये तरी हरून कोण खालच्या श्रेणीत जातं? त्याला मी लेस्टर सांगतो. २००८-०९ ला तिसऱ्या श्रेणीत खेळणारा क्लब २०१६ ला इंग्लंडचा विजेता झाला, कारण वर यायला वाट होती.

मथळा होता 'बारा क्लबांचं बंड'. पान सोडायला थोडाच वेळ उरला आणि लंडनहून बातमी आली. स्टॅमफर्ड ब्रिज या चेल्सीच्या मैदानाबाहेर चेल्सीच्याच चाहत्यांनी रस्ता अडवलाय, संघाची बस आत जाऊ द्या म्हणून क्लबचा माजी गोलरक्षक पीटर चेक गर्दीत उतरून विनवतोय. पाठोपाठ चेल्सी माघार घेणार असल्याची बातमी. मथळा बदलला. 'बंड' काढताना बरंच वाटलं. श्रीमंतांनी स्वतःभोवती कुंपण घालायचं आणि आम्ही घाईत त्यांना बंडखोर म्हणायचं, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

पहाटेपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. सकाळी लोकांच्या हातात पडलेलं पान शिळं होतं. पण ते सलत नाही, रात्रपाळीत असं होतंच.

सलते ती उजव्या कोपऱ्यातली सिंगल कॉलम बातमी. आदल्याच दिवशी स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो इथे युएफाने, म्हणजे युरोपियन फुटबॉल महासंघाने, २०२४ पासूनची युरोपची चॅम्पियन्स लीग मंजूर केली होती. बत्तीसऐवजी छत्तीस संघ, गट रद्द, सगळ्यांचा एकच तक्ता, प्रत्येकाला दहा सामने. शिवाय दोन जागा अशा क्लबांना, जे त्या वर्षी थेट पात्र ठरले नाहीत पण ज्यांची मागच्या वर्षांची कामगिरी मोठी आहे. म्हणजे तेच कुंपण, फक्त बुटकं. मजकूर तीन ओळी जास्त होत होता. उपसंपादक शेवटून कापतो. शेवटी नेमकं हेच वाक्य होतं. मी कापलं.

मे २०२२ मध्ये युएफाने त्या दोन जागा मागे घेतल्या, दहाचे आठ सामने केले. चाहत्यांच्या संघटनांनी विरोध लावून धरला होता. माझ्या वाचकाला त्या जागा होत्या हेच मी सांगितलं नव्हतं. सुपर लीगला चार कॉलम दिले, ती दोन दिवसांत कोसळली. एका कॉलमातली रचना मात्र आली. २९ जानेवारी २०२५ ला अठरा सामने एकाच वेळी झाले आणि छत्तीस ओळींचा तक्ता आम्ही डोळे फुटतील इतक्या बारीक टायपात बसवला. त्या तक्त्यात पंधरावा असलेला पॅरिस सेंट जर्मेन पुढे विजेता झाला. रंगत आली, हे मी नाकारत नाही.

त्या एप्रिलच्या रात्री पान गेल्यावर सहकारी बराच वेळ स्क्रीनवरचा लंडनचा फोटो बघत बसला होता. तो गोव्याच्या साळगावकर क्लबचा जुना चाहता. २०११ ला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग, जिंकलेला हा क्लब २०१६ मध्ये गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लबसोबत त्या लीगमधून बाहेर पडला, कारण कोणीच खाली जात नाही अशी इंडियन सुपर लीग (आयएसएल) सर्वांत वर बसवायचं घाटत होतं.

"त्यांनी बस तरी अडवली," तो म्हणाला. "साळगावकर गेला तेव्हा आपण काय अडवलं?"

ती बातमीही मीच लावली होती.