तीळमाती: तिथी बघून चालायची वाट

बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला समुद्र आठवला की गाडी आपोआप चोर्ला नाहीतर अनमोड घाटाकडे वळते आणि गोव्यात उतरते. आम्ही मात्र थंडीत कारवारची वाट धरतो. कारवारच्या उत्तरेला, गोव्याच्या हद्दीला टेकून माजाळी गाव आहे. तिथल्या पुळणीच्या टोकाला एक टेकडी समुद्रात शिरलेली आहे आणि तिच्या पलीकडे तीळमाती. नाव शब्दशः खरं: तिथली वाळू काळ्या तिळासारखी आहे.

खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, कुंभारवाडा आणि मग अणशी घाट उतरून कद्र्यावरून कारवार, असा रस्ता. जोयड्याच्या पुढे सगळा काळी व्याघ्र प्रकल्पाचा टापू. इथलं अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचं, आता याच प्रकल्पात आलेलं. पेट्रोल रामनगरलाच भरून घ्यावं. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून मुक्कामाचा पत्ता आणि नकाशा आधीच उतरवून ठेवावा. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, रस्ता बंद पडतो. दसरा होईपर्यंत हा बेत काढूच नये. रेल्वेने यायचं तर लोंढ्याहून मडगाव आणि तिथून कोकण रेल्वेने कारवार, पण गाड्यांचा मेळ बसेलच असं नाही. कसंही आलात तरी आदल्या रात्री कारवारात किंवा सदाशिवगड गावात मुक्काम हवाच. चाल सकाळची आहे.

आता मुख्य गोष्ट. टेकडीचा चढ अर्ध्या तासाचा, घरातली म्हातारी माणसंही सावकाश चढतील असा. पण इथे माणूस अडकतो तो भरतीमुळे. म्हणून सुट्टीची तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. हा हिशेब मुंबईकडे बसतो. कारवार दक्षिणेला, तिथे भरती थोडी आधी येते, म्हणून अर्धा-पाऊण तास वजा करावा. म्हणजे पंचमीला भरती दुपारी तीनच्या सुमाराला आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या आसपास, पुरती ओहोटी. स्थानिक लोक तिला सुकती म्हणतात. तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे चार दिवस या वाटेला उत्तम, शुद्ध असो की वद्य. पौर्णिमा-अमावास्येला उलटा प्रकार: सकाळी साडेदहाच्या सुमाराला ऐन भरती, तीही उधाणाची. हा अंदाज बेत आखण्यापुरता. निघण्याआधी मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक बघा, आणि ते कारवारचंच असू द्या.

पुरत्या ओहोटीच्या दीड तास आधी माजाळीच्या पुळणीवर यायचं. समुद्र डाव्या हाताला ठेवून पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट वाळूवरून उत्तरेकडे चालायचं; वरच्या सुक्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. पुळण संपते तिथे टेकडीची पायवाट लागते. करवंदीची जाळी, काजू, मधूनमधून मोकळं गवत. दिवाळीच्या आधी आलात तर हे गवत कमरेएवढं असतं आणि वाट सापडत नाही. वाट दिसेनाशी झाली तर उताराला कधीही लागू नये, माथ्याकडेच सरकत राहावं, कारण खालची प्रत्येक ढोरवाट कड्यावर जाऊन थांबते. काजूच्या बागा लोकांच्या मालकीच्या आहेत. कवाड उघडलंत तर मागे लावा, आणि बोंडं कितीही पिकलेली दिसली तरी हात लावू नका.

माथ्यावरून दक्षिणेला माजाळीच्या पुळणीची कमान, त्यापलीकडे सदाशिवगडची टेकडी, समुद्रात कूर्मगडाचं बेट. पौष पौर्णिमेला तिथल्या नरसिंहाच्या जत्रेला होड्या भरभरून जातात. वारा पडलेला असेल तर इथे पाव तास बसावं. आमच्या मते या वाटेवरची सगळ्यात देखणी जागा हीच, खालच्या वाळूपेक्षाही.

उतार मात्र जपून. जांभ्याचा सुटा मुरूम बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखा पायाखाली घरंगळतो. सरळ तोंडाने न उतरता आडवी पावलं टाकायची आणि हातात काठी ठेवायची. गुळगुळीत तळाच्या चपला इथे दगा देतात, खोल नक्षीचे बूटच हवेत. खाली खडकांवरून जाताना ते काढू नका. खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या. हिरवट शेवाळाचा दगड दिसला की पाय शेजारच्या कोरड्या दगडावर.

मग ती वाळू. मूठभर उचलून तळहातावर पसरा: काळे, चकचकीत दाणे, खरोखर तिळाएवढे, मधूनच एखादा पांढरा शिंपल्याचा कण. काळ्या बसाल्ट खडकाची ही झीज. शेजारी माजाळीला फिकी, बारीक वाळू आणि टेकडी ओलांडली की ही. भरड दाण्यांतून पाणी झटकन झिरपतं, त्यामुळे अशी पुळण उतरती होते आणि लाट अगदी पायाशी येऊन आदळते. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. पायाखालची वाळू ओढली जाते आणि आसपास मदतीला कोणी नसतं. काळा रंग ऊन पिऊन घेतो, अकरानंतर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

खाली दुकान नाही, आडोसा नाही. माणशी दोन लिटर पाणी, धपाटे-चटणी, टोपी घ्या आणि कागद-पिशव्या परत आणा. परतीला ओहोटी संपायच्या आत निघावं. खडकांमधून पाणी चढायला लागलं की आलेली वाट मोजक्या मिनिटांत बुडते. तसं झालं तर खडकांवरून घाई करू नका. मागे फिरून उंच जागी बसा आणि पाणी उतरेपर्यंत थांबा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात डिसेंबर ते मेपर्यंत माकडतापाचा धोका असतो आणि तो पसरतो गोचिडींमधून. अणशीच्या रानात किंवा या टेकडीच्या गवतात बसायचं तर चटई अंथरा, पूर्ण पँट घालून तिची खालची टोकं मोज्यात खोचा. मुक्कामी पोहोचल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघा, कपडे गरम पाण्यात टाका. आठवड्याभरात सणकून ताप आला, अंग दुखलं तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा.

संध्याकाळ सदाशिवगडासाठी राखून ठेवा. सोंदेकर राजाने अठराव्या शतकात बांधलेला हा किल्ला. आता तटाचे थोडे अवशेष आणि दुर्गादेवीचं देऊळ. वरून काळी नदीचं मुख समोर उघडतं: एका बाजूला देवबागची सुरूची रांग, दुसऱ्या बाजूला कारवार, मध्ये महामार्गाचा पूल. शेजारचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला, मध्यरात्र उलटल्यावर नदीत कोसळला. सूर्य बुडाल्यावर अर्धा तास उजेड राहतो. तेवढ्यात खाली यावं, कारण पायऱ्यांना दिवे असतीलच असं नाही.