आर म्हणजे उजवा, असं मी धरून चाललो होतो

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या आमच्या लॅबमध्ये पुदिन्याच्या गोळीसाठी पाच किलो कार्व्होन, म्हणजे वासासाठीचं रसायन, आलं. मला सडकून सर्दी झालेली, नाक पार चोंदलेलं. जीसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, चालवला. आलेखावर एकच टोक, स्टँडर्डच्याच वेळेवर. अपवर्तनांक जुळला, आयआर म्हणजे अवरक्त किरणांची चाचणीही जुळली. मी 'पास'चं लेबल काढलं.

बाटल्या धुणाऱ्या मावशींनी कॅनशी नाक नेलं. "सर, बाळंतशोपांचं तेल कशाला मागवलंय?"

"पुदिन्याचं आहे मावशी."

"दोन लेकींची बाळंतपणं केलीत मी. पुदिना नाही हा."

हसलो, पण लेबल हातातच राहिलं. द्रव प्रकाशाचं प्रतल किती आणि कुठे वळवतो ते मोजणारा पोलॅरिमीटर कोपऱ्यात धूळ खात होता. सोडियमचा दिवा पिवळाधमक होईपर्यंत थांबलो, एक डेसिमीटरची नळी भरली, बुडबुडा काढला. आकडा आला अधिक ५९ अंश, म्हणजे उजवीकडे. आम्हाला हवा होता जवळपास तेवढाच, पण उणे.

कार्व्होनमधल्या एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असतात. त्यांची मांडणी दोन तऱ्हांनी होते, चपलेच्या जोडासारखी. दोन्हींचा उत्कलनबिंदू एक, घनता एक. जीसीच्या साध्या कॉलमला त्या दोन वेगळ्या दिसतच नाहीत. नाकातली ग्राहक प्रथिनं मात्र स्वतःच एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली, त्यामुळे त्यांना फरक कळतो. या दोन मांडण्यांची नावं आर आणि एस: आर-कार्व्होनला पुदिन्याचा वास, एस-कार्व्होनला शहाजिऱ्याचा आणि बाळंतशोपांचा.

पुरवठादाराला फोन लावला, आवाज चढवूनच. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ऑर्डर बघा." बघितली. माझ्याच अक्षरात: कार्व्होन, अधिक चिन्ह.

हवं होतं आर. आर म्हणजे लॅटिनमधलं 'रेक्टस', उजवा, म्हणजे प्रकाशाचं प्रतलही उजवीकडेच वळवणार, असा माझा हिशोब. एमएस्सीला हे चुकवणाऱ्या पोरांना मी हसायचो! आर की एस हे रसायनशास्त्रज्ञ कान (Cahn), इंगोल्ड आणि प्रेलॉग यांच्या नियमांनी, गटांचा अग्रक्रम लावून कागदावर ठरतं. अधिक की उणे हे उपकरणावर मोजावं लागतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि आर-कार्व्होन नेमकं डावीकडे वळवतं.

कॅन अजून कपाटात आहे. नेदरलँड्समध्ये हेच एस-कार्व्होन साठवणीतल्या बटाट्यांना मोड येऊ नयेत म्हणून वापरलं गेलंय. भोसरीत त्याचं काय करायचं, ते आमच्या साहेबांनी मला लेखी विचारलंय.