कटाला टिकणारी वाटी

मी केलेली पहिली खाता येणारी वाटी चार मिनिटांत फुटली आणि मिसळीचा कट टेबलावरून थेट नवऱ्याच्या पांढऱ्या पँटवर गेला. पुढचे दोन दिवस घरात वाटीचा विषय कुणी काढला नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा मिसळीचा गाडा आहे. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर २०१८ पासूनच बंदी होती, पण गाड्यांवर त्या दिसायच्याच. १ जुलै २०२२ ला देशभर प्लास्टिकचे कप-चमचे बंद झाले तेव्हा कुठे आम्ही हललो. उसाच्या चिपाडाच्या वाट्या आणल्या. त्या चांगल्या असतात, पण खाऊन झाल्यावर ढीग उरतोच. हैदराबादच्या नारायण पीसपाटी यांनी ज्वारीचे खाता येणारे चमचे केले होते, ते मी मोबाइलवर पाहिलं होतं. म्हटलं, चमचा जमतो तर वाटी का नाही?

सुरुवात नाचणीपासून केली. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे वाटी साच्यातून काढताना कडेला चिरायची. सासूबाई दोन दिवस बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, भाकरीला घालतीस तसं उकळतं पाणी घाल की. उकड काढल्याशिवाय धरंल कसं?" गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, एवढंच शास्त्र. त्यांना ते चुलीपुढं बसून माहीत होतं. उकडीत एक भाग मैदा घातला आणि चिरा गेल्या.

साचा उद्यमनगरात करून घेतला, नर आणि मादी असा, एकात एक बसणाऱ्या दोन भागांचा. पहिल्या साच्याला वाफ निघायला वाटच नव्हती, त्यामुळे वाटीच्या बुडाला फोड यायचे. मिस्त्रींनी कडेला बारीक खाचा पाडून दिल्या. "आधी सांगायचं न्हवं, वहिनी!" मला तरी कुठं माहीत होतं!

खरी फजिती गुळाने केली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, मग तो वाटीत नको का? घातला. रंग सुरेख आला. पण गूळ हवेतली ओल ओढून घेतो. जुलैच्या झडीत सकाळची कडक वाटी दुपारपर्यंत चामड्यासारखी झाली. अभिमान बाजूला ठेवून गूळ काढून टाकला आणि खारीसारखी वाटी दुसऱ्यांदा मंद आचेवर भाजायला लागले. त्या पंधरा मिनिटांनी सगळा फरक पडला. आता गरम कट अठरा मिनिटं राहतो. तर्रीचं तेल वाटीला फारसं बाधत नाही, तिला मऊ करतं ते पाणी. दुसऱ्यांदा कट मागणाऱ्याला मात्र मी हात जोडते.

नोंदणी मी २०२३ मध्ये केली. वर्षाला बारा लाखांच्या आतली उलाढाल असेल तर फूड सेफ्टीची साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला शंभर रुपये. अडलं ते एकाच प्रश्नावर: हे भांडं की खाद्य? अर्ज एकदा परत आला. बेकरी पदार्थ म्हणून पुन्हा भरला, तेव्हा चौदा आकडी नंबर मिळाला. म्हणजे माझी वाटी कायद्याने बिस्किटाची बहीण. दुकानात विकायची तर घटक, तारीख, हिरवा ठिपका, आणि गहू आहे हे ठळक लिहायचं.

आणि इथंच हसू येतं. दुकानदाराला वाटी महिनाभर कुरकुरीत हवी. कागदात ती आठवड्यात मऊ पडते, मग तिला ठेवायचं कशात? प्लास्टिकच्या पाऊचमध्ये! प्लास्टिक टाळायला केलेली वाटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यायची. मी दोन खेपा दिल्या, मग लाज वाटून थांबले.

आता ओळखीच्या तीन गाड्यांना स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यातून वाट्या जातात आणि रिकामा डबा परत येतो. चिपाडाची वाटी दोन रुपयांना पडते, माझी सातला. परवा एकजण मिसळ संपवून, वाटी मोडून खात म्हणाला, "वहिनी, वाटीत मीठ जरा जास्त घाला की." मी घातलंय. बघू, पावसात कशी वागते.